लाल खुणेची पुडी

खुब्याचं हाड जुळत आलं होतं, टाके सुकले होते आणि सासऱ्यांना घरी न्यायची परवानगी मिळाली होती. दवाखान्यातल्या सिस्टरनं गोळ्या समजावून सांगितल्या, कागदांची चवड सुनेच्या हातात दिली आणि शेवटी खाटेखालून एक फुगीर पाकीट काढून पुढं केलं. मोठ्या माणसांचे डायपर.

"हे नको," सून म्हणाली. "आम्ही घरी कापडच वापरतो. सगळ्याला."

सिस्टरची ड्यूटी संपत आली होती. डोळ्यांखाली काळं, पायातली चप्पल ओढत चालणं. वाद घालायचं त्राण तिच्यातही नव्हतं. "बघा ताई, दोन-अडीच महिने तरी त्यांना उठून जाता यायचं नाही," एवढंच म्हणून तिनं पाकीट पुन्हा खाटेखाली सरकवलं.

सुनेच्या मते बघण्यासारखं काही नव्हतंच. गेली आठ वर्षं तिच्या घरात एकदा वापरून फेकायची वस्तू शिरली नव्हती. धुण्याच्या यंत्रातून निघालेलं पाणी ती बादल्यांत धरायची आणि संडासाला वापरायची. न्हाणीघरात ओळीनं सात बादल्या भरून ठेवलेल्या असत. आलेल्या पाहुण्याला आधी कुठली बादली कशाला ते समजावून घ्यावं लागे, मगच आत जाता येई. भाजीची सालं गच्चीवरच्या पिंपात, फाटक्या चादरींची फडकी, फडकी विरली की पायपुसणी. नणंद तर सगळ्यांना सांगायची, "वहिनीकडं चहा प्या, पण चोथा कपात राहिला तर तो परत द्यावा लागतो हं." इमारतीतल्या मुलांनी तिचं नाव बादलीबाई ठेवलं होतं, आणि मुलांचं बघून मोठ्यांनीही तेच उचललं.

ती ते मनावर घेत नसे. एका चष्म्याच्या दुकानात ती भिंगं घासून चौकटीत बसवायचं काम करायची. दिवसभर बारीक कामात मान घालून बसणाऱ्या माणसाला लोक काय म्हणतात याची फारशी फिकीर नसते. शिवाय घरात एक माणूस तिच्या बाजूनं होतं. सासरे. ते जन्मभर प्लंबर. गळता नळ दिसला की पाहुण्याच्या घरीसुद्धा जेवण सोडून उठायचे. तिच्या सात बादल्या पाहून त्यांनी फक्त एवढंच विचारलं होतं, "आठवी कुठंय?"

तीन वर्षांपूर्वी वारं फिरलं. एकत्र केलेला कचरा उचलायला गाडीवाल्यांनी नकार दिला आणि इमारतीच्या फाटकाशी सहा दिवस ढीग साचला. सातव्या दिवशी, जे लोक तिला हसत होते तेच तिच्या दारात उभे. समितीचे अध्यक्ष म्हणाले, "बादलीबाई, आता तुम्हीच सांभाळा हे." तिनं सांभाळलं. रोज सकाळी अर्धा-पाऊण तास ती खाली पिंपांशी हातमोजे घालून उभी राहायला लागली. ओला वेगळा, सुका वेगळा, आणि डायपर वगैरे असेल तर कागदात गुंडाळून, वर लाल पेनानं खूण करून. ही सूचना तिनं स्वतःच्या अक्षरात लिहून लिफ्टमध्ये चिकटवली होती. लोक ऐकायला लागले. आवडीनं नाही, तिच्या धाकानं.

त्या धाकात तिच्याकडून एक गोष्ट घडून गेली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या एका नव्या आईनं एकदा खूण न करता पिशवी ठेवली. बादलीबाईनं ती सगळ्यांसमोर उघडली आणि आतले डायपर मोजले. "एका बाळाचे दिवसाला नऊ? आमच्या वेळी दुपटी होती, धुवायचो आम्ही. हात झिजले नाहीत आमचे." दोघंतिघं हसले. त्या मुलीच्या खांद्यावर दुधाचा ओला डाग होता. ती पिशवी पुन्हा बांधून, वर खूण करून निघून गेली. बादलीबाई दोन मिनिटांत ते विसरलीही.

तर सासरे घरी आले. गादीवर रबरी कापड घातलं, जुन्या चादरी फाडून घड्या केल्या आणि तिचं नवं काम सुरू झालं. तिला वाटलं होतं दिवसातून चारदा बदलावं लागेल. आठदा लागायचं, कधी दहादा. नवरा औषधांच्या कंपनीचा फिरता विक्रेता, आठवड्यातले पाच दिवस परगावी. ती दुकानात असायची तेवढा वेळ सांभाळायला एक मावशी ठेवल्या होत्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "बदलीन मी. धुणार नाही." म्हणजे ती घरी यायची तेव्हा न्हाणीघरात ढीग वाट बघत असायचा.

भिजवायचं, खळबळायचं, गरम पाण्यात घालायचं, पिळायचं, वाळत टाकायचं. त्यात हवा दमट. आदल्या दिवशीचे तुकडे वाळायच्या आत दुसऱ्या दिवशीचे दोरीवर. खुर्च्यांच्या पाठींवर, दारांवर, खिडकीच्या गजांवर, सगळीकडे चादरींचे तुकडे. बोटांच्या पेरांना भेगा पडल्या. दुकानात भिंग धरताना त्या झोंबायच्या. एकदा तिनं मिटत्या डोळ्यांनी एक भिंग उलटं बसवलं. मालकानं ते मुकाट्यानं काढून पुन्हा तिच्यापुढं ठेवलं.

नणंदेचा फोन यायचा. "वहिनी, डायपर आण गं सरळ. कोण बघतंय?"

"मी बघते ना," ती म्हणायची.

नवरा शनिवारी आला की दारातच नाक आक्रसायचा आणि लगेच सावरून घ्यायचा. "अगं, किती दिवस करणार असं?"

"तुम्ही दोन दिवस करून बघा, मग विचारा."

त्यानं दोन दिवस केलंही. सोमवारी गाडी पकडताना तो एवढंच म्हणाला, "तुझ्या हट्टापुढं कोण बोलणार," आणि गेला.

सासरे कुरकुरत नसत. उलट पहिल्या आठवड्यात तेच तिला हसवायचे. "सूनबाई, जन्मभर लोकांच्या घरची गळती थांबवली. आता माझाच वॉशर गेला बघ." ती पिळता पिळता हसायची. पण पडल्या पडल्या त्यांचा कान न्हाणीघरातल्या नळाकडे लागलेला असे. नळ सुरू झाला की ते मोजत. एकदा ती हात पुसत बाहेर आली तर म्हणाले, "अकरावी बादली होती ना ही?" ती म्हणाली, "बाबा, तुम्ही झोपा." त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

तिसऱ्या आठवड्यात त्यांचं बोलणं कमी झालं. ओठ सुकलेले दिसायचे. मग एका सकाळी त्यांनी तिला ओळखलंच नाही. "कोण तुम्ही? मालकीणबाई का? मोटर बंद करा आधी, टाकी भरली," असं काहीबाही बोलायला लागले. अंग तापलेलं. तिनं डॉक्टरांना घरी बोलावलं. डॉक्टरांनी कातडी चिमटीत धरून पाहिली, जीभ पाहिली, लघवी शेवटची कधी झाली ते विचारलं.

"पाणी किती पितात हे?"

"उशाशी बाटली असते. मी भरते रोज," ती म्हणाली आणि बोलता बोलता थांबली. बाटली तिनं शेवटची कधी भरली होती? काल नाही. परवाही नाही. बाटली भरलेलीच होती. ती रोज त्या बाटलीकडे बघत होती आणि तिला ते दिसत नव्हतं.

सलाइन लागलं, औषधं लागली. दोन दिवसांनी सासरे ताळ्यावर आले. तिनं पेला भरून त्यांच्या ओठांशी धरला. त्यांनी एक घोट घेऊन मान फिरवली.

"बाबा, पाणी का सोडलंत तुम्ही?"

त्यांनी पेला हातानं दूर सारला. मग म्हणाले, "आत गेलं की बाहेर येणार. बाहेर आलं की तू धुणार. तुझ्या हातांकडं बघवत नाही मला. म्हटलं, वरचा कॉकच बंद करून टाकावा."

ती खाटेच्या कडेला बसून राहिली. रडू येईल असं तिला वाटलं, पण तेही आलं नाही. थोड्या वेळानं तिनं पायात चपला घातल्या, कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेली आणि डायपरची दोन मोठी पाकिटं घेऊन आली. कापडी पिशवीत ती मावत नव्हती म्हणून छातीशी धरून, जिन्यानं.

त्या दिवशी घरात पहिल्यांदा नळ शांत होता. सासरे दोन पेले पाणी प्यायले. तीही दुपारी अर्धा तास आडवी झाली.

पण दुसऱ्या सकाळी कचऱ्याची वेळ झाली आणि ती टेबलाशीच अडली. पाच पुड्या होत्या. वर्तमानपत्रात नीट गुंडाळून दोऱ्यानं बांधलेल्या. लाल पेन टेबलावर पडलेलं. खाली अध्यक्ष असतील, तळमजल्याचे काका असतील, तिसऱ्या मजल्यावरची ती असेल. आणि सगळ्यांच्या पिशव्या तपासायला कोण उभं राहणार? तीच. तिनं पेन उचललं नाही. पुड्या दुकानात न्यायच्या पिशवीत तळाशी घातल्या, वर डबा ठेवला आणि रिकाम्या हातानं खाली जाऊन रोजच्यासारखी पिंपांशी उभी राहिली. चौथ्या मजल्यावरच्या एकाला दह्याचा डबा न धुता टाकल्याबद्दल तिनं टोकलंही. बोलताना स्वतःचाच आवाज तिला परका वाटला.

दुकानामागं बाजाराची एक मोठी कचराकुंडी होती. रोज कामावर जाताना ती तिथं वळायची, इकडंतिकडं बघायची, पुड्या टाकायची आणि पदर सावरत निघायची. बसमध्ये पिशवी मांडीवर. शेजारी कुणी बसलं की ती पिशवी खिडकीकडे सरकवायची. वास येत नव्हता, तरी येतोय असं वाटायचं. धुण्याचे कष्ट वाचले होते खरे, पण हे ओझं काही कमी नव्हतं. असे अकरा दिवस गेले.

बाराव्या दिवशी पुड्या टाकून ती वळली आणि मागून हाक आली. "ओ बाई. थांबा जरा."

कुंडीशी झाडणारी बाई होती. पिवळं जाकीट, कमरेला खोचलेला पदर, पन्नाशीच्या पुढची. एका हातात झाडू, दुसऱ्या हाताची बोटं अंगापासून लांब धरलेली. हातमोज्याचा अंगठा फाटलेला.

"रोज तुम्हीच टाकता ना या पुड्या?"

बादलीबाईनं मान डोलावली.

"चांगला कोरडा कागद, दोऱ्यानं बांधलेला. मी रद्दी समजून उघडते. कागद वेगळा काढायचा असतो आम्हाला. आज तिसऱ्यांदा हात भरला माझा." तिचा आवाज चढलेला नव्हता. सकाळपासून वाकून वाकून जे उरतं तेवढ्याच आवाजात ती बोलत होती. "लाल खूण करायची असते अशावर. तुमच्या इमारतीत कुणी सांगत नाही का?"

"सांगतात."

"कोण सांगतं?"

"मीच सांगते," बादलीबाई म्हणाली.

झाडणारी बाई तिच्या तोंडाकडे बघत राहिली. "मग?"

"लाज वाटली."

"कसली लाज? घरात आजारी माणूस आहे त्याची?"

"नाही. माझीच. लोकांना शहाणपण शिकवलं, आणि आता..."

"ते तुमचं तुम्ही बघा हो," बाई म्हणाली. "पण तुमची लाज माझ्या हाताला कशाला?"

बादलीबाईनं पिशवीतून पाण्याची बाटली काढली, डब्याबरोबर नेहमी असायचा तो साबणाचा तुकडा काढला. बाईनं हातमोजा उतरवला. एकीनं पाणी ओतलं, दुसरीनं मनगटापर्यंत हात धुतले, दोनदा. पाणी संपलं.

"कोण आजारी आहे?"

"सासरे."

"हं." बाईनं हात जाकिटाला पुसले. "उद्यापासून खूण करून आणा. नाहीतर आणूच नका." आणि ती पुन्हा झाडायला लागली.

त्या दिवशी दुकानात बादलीबाईनं चार चष्मे तयार केले. संध्याकाळी सासऱ्यांनी विचारलं, "काय झालं गं?" तिनं सगळं सांगितलं. कुंडी, अकरा दिवस, झाडणारी बाई, सगळं. ते छताकडे बघत ऐकत होते.

"माझे आहेत ते, असं सांग ना सरळ," ते म्हणाले. "म्हाताऱ्याचे आहेत म्हणावं. माझं काय जातंय आता?"

"तुमचं नाही हो बाबा. माझं जातंय ना."

"जाऊ दे की मग," ते म्हणाले. "जड झालंय तुला."

सकाळी तिनं पाच पुड्या बांधल्या, पाचांवर लाल खूण केली आणि त्या हातातच धरून खाली गेली. लिफ्ट तळमजल्यावर थांबली तेव्हा पिंपांशी सहा-सात जण होते. तिनं पुड्या एकेक करून कडेच्या पिंपात ठेवल्या.

"ओहो!" अध्यक्ष म्हणाले. "बादलीबाई, तुमच्याकडंसुद्धा?"

"हो. दिवसाला पाच."

"आणि कापड कुठं गेलं तुमचं?" मागून तळमजल्याचे काका.

"होतं. तीन आठवडे धुतलं. थकले."

कुणीतरी हसलं. अध्यक्षांना एवढ्यावर सोडायचं नव्हतं. "मग आमचं डोकं का खाल्लंत इतकी वर्षं?"

याचं उत्तर तिनं रात्रभर जुळवलं होतं. कंपोस्टचं पिंप, पाण्याची टाकी, कुंडीशी झाडणारी बाई, सगळं त्यात होतं. आता त्यातलं काही आठवेना. "कचरा वेगळा द्या म्हणून सांगत होते," ती म्हणाली. "तो अजूनही वेगळाच द्यायचाय." आणि तिनं हातमोजे चढवले.

लोक पांगले. शेवटी तिसऱ्या मजल्यावरची ती उरली. बाळ आता दीड वर्षाचं होऊन कडेवर बसलं होतं आणि आईच्या कानातलं ओढत होतं.

"ते कोणते आणलेत?" तिनं पिंपाकडे बघत विचारलं. "निळ्या पाकिटातले? ते बाजूनं गळतात. माझ्या आजोबांना लावायचो आम्ही, माहितीये मला. एक माप मोठं घ्या आणि कातडीला आधी मलम लावा, कंबरेला वळ उठतात."

"बरं," बादलीबाई म्हणाली. मग म्हणाली, "त्या दिवशी मी तुझी पिशवी उघडली होती."

"हो."

"चुकलंच माझं."

मुलीनं बाळाच्या मुठीतून कानातलं सोडवलं. "खूप लागलं होतं मला, काकू. बाळ पोटदुखीनं दिवसरात्र रडायचं तेव्हा. दोन महिने मी लिफ्टनं आले नाही, तुम्ही भेटाल म्हणून. जिन्यानं जायचे, त्याला घेऊन."

बादलीबाईला वाटलं ती पुढं "जाऊ द्या" म्हणेल. ती म्हणाली नाही. "मलमाचं नाव लिहून देते," एवढं म्हणून ती लिफ्टकडे वळली. दुपारी मावशींच्या हाती एक चिठ्ठी आली, त्यावर फक्त मलमाचं नाव.

महिन्याच्या बैठकीत बादलीबाईनं सांगितलं की रोज सकाळी उभं राहणं आता तिला जमणार नाही. पाळी लावा.

"तुम्ही नसलात तर कोण ऐकणार हो?" अध्यक्ष म्हणाले.

"मग नका ऐकू."

शेवटी कागद फिरला आणि सहा नावं लिहिली गेली. सातवं, रविवारचं, तिनं स्वतः लिहिलं, नवऱ्याचं, त्याला न विचारता. सहापैकी दोन जण नेमानं उभे राहायचे, बाकीच्यांच्या दिवशी ओल्यात सुकं आणि सुक्यात ओलं व्हायचं. कधी तिला वरून दिसायचं. चार पावलं जिन्याकडे टाकून ती परत फिरायची. गच्चीवरचं पिंप महिनाभर कुणी ढवळलं नाही, त्यात अळ्या झाल्या, शेजाऱ्यांनी तक्रार केली. नवऱ्यानं नाकाला रुमाल बांधून एका सुटीत ते निस्तरलं आणि संध्याकाळपर्यंत त्याबद्दलच बोलत राहिला. तिनं ऐकून घेतलं. कडेच्या पिंपात मात्र आता रोज आणखी दोन-तीन लाल खुणांच्या पुड्या पडायला लागल्या होत्या. आधी त्या कुठं जात होत्या, कुणाच्या होत्या, हे तिनं कुणाला विचारलं नाही.

सासरे दहाव्या आठवड्यात वॉकरला धरून उभे राहिले, अकराव्यात संडासापर्यंत पोचले. दिवसाचे डायपर सुटले, रात्रीचा एक उरला. तो बहुधा कायमचाच राहणार, असं डॉक्टर म्हणाले. सासऱ्यांनी मान डोलावली आणि डॉक्टर गेल्यावर पेलाभर पाणी मागून घेतलं.

बैठकीनंतर खाली जायचं नव्हतं अशा पहिल्या सोमवारी तिला सवयीनं लवकरच जाग आली. त्या वेळेचं काय करावं ते तिला कळेना. तिनं चहा केला, दोन कप घेऊन सासऱ्यांच्या खोलीत गेली आणि खुर्चीत बसली. दोघांनी चहा घेतला. सासऱ्यांचा डोळा लागला. त्यांचा रिकामा कप तिनं हातातून काढून घेतला, तो मांडीवर धरला, आणि मग तिचाही डोळा लागला.

जाग आली तेव्हा मावशी येऊन उन्हाचा पडदा ओढत होत्या. दुकानात ती तासभर उशिरा पोचली. मालकानं चष्म्यावरून पाहिलं.

"काय झालं?"

"झोप लागली," ती म्हणाली, आणि कामाच्या टेबलावरचा दिवा लावला.